जुनी गाडी ठेवावी की बदलावी? घरच्या चारचाकीचा हिशेब

दुकानातील मालाचा, उधारीचा आणि नोकरांच्या पगाराचा हिशेब पैशापैशाने ठेवणारा व्यापारी घरच्या गाडीचा हिशेब मात्र क्वचितच ठेवतो. पेट्रोल रोखीने भरले जाते, मिस्त्रीचे बिल खिशातून दिले जाते, टायर ईदच्या आधी बदलले जातात. वर्षाअखेरीस गाडीवर नेमके किती गेले, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मग एके दिवशी लग्नाला जाताना गाडी रस्त्यात बंद पडते, घरची मंडळी रिक्षाने परत येतात आणि त्या रागात नवी गाडी बुक होते. कधी याच्या उलट घडते. "आत्ताच तर इंजिनकाम केलंय" एवढ्याच कारणासाठी पत्रा सडलेली गाडी आणखी चार वर्षे ओढली जाते. पहिला निर्णय रागाचा आणि दुसरा मोहाचा. हिशेब दोन्हींत नाही.

उदाहरणासाठी कसबा बावड्यातील एक मध्यम व्यापारी कुटुंब धरू. घरात सहा माणसे, त्यांपैकी दोघे वयस्कर. दारात २०१० सालची मारुती ओम्नी. आठवड्यातून तीन-चार वेळा लक्ष्मीपुरीत जाणे, महिन्यातून एकदा मिरज किंवा इचलकरंजीला नातेवाइकांकडे, आणि वर्षातून दोन-तीन लांबचे प्रवास. असे वर्षाला साधारण ९ हजार किलोमीटर चालणे होते. अशी कुटुंबे बावड्यात आणि कोल्हापुरात पुष्कळ आहेत. ओम्नी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण तिच्याइतकी माणसे आणि तिच्याइतके सामान एवढ्या कमी किमतीत नेणारी दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे लोक तिला सोडायला तयार नाहीत.

कोल्हापुरात गाड्या जास्त वर्षे टिकतात, याचे आणखी एक कारण उद्यमनगरात आहे. फाउंड्री आणि ऑइल इंजिनच्या धंद्यावर वाढलेल्या या भागात बोअर मारणारे, क्रँक ग्राइंडिंग करणारे आणि न मिळणारा भाग लेथवर तयार करून देणारे कारागीर आहेत. दुसऱ्या शहरात ज्या इंजिनाची आशा सोडली जाते, ते इथे पुन्हा चालू होते. ही आपल्या शहराची मोठी सोय आहे. मात्र इंजिन चालू होते म्हणून गाडी ठेवण्याजोगी आहेच, असे समजू नये.

कायदा काय म्हणतो?

पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात जाते, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. महाराष्ट्रातील खासगी गाडीच्या बाबतीत तो खरा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत पासिंग करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो आणि उशीर झाल्यास दरमहा जादा शुल्क बसते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ती १० हजार झाली. याशिवाय पंधरा वर्षांनंतर राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे सरकार जुनी गाडी काढून घेत नाही. ती ठेवण्याचा खर्च मात्र वाढवत नेते.

दिल्ली परिसराची गोष्ट वेगळी आहे. तेथे २०१५ चा हरित लवादाचा आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधन आले. पुढे २०२५ मध्ये त्यात फेरबदलही झाले. टॅक्सीचाही नियम निराळा आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्याला ही तारीख आधीपासून माहीत होती, त्याला ठरवण्यासारखे काही नव्हते. घरच्या गाडीला अशी तारीख नाही. ती आपणच ठरवायची आहे.

वर्षाचा हिशेब

आता वही उघडू. खालील आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत, कारण खरा उपयोग त्यातच आहे.

ओम्नी लिटरला १३ किलोमीटर देते असे धरू आणि पेट्रोल १०५ रुपये. ९ हजार किलोमीटरला ७२ हजार ७०० रुपये होतात. दुरुस्ती, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून २८ हजार. तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा करासह सुमारे अडीच हजार. नूतनीकरण आणि पर्यावरण कर पाच वर्षांत वाटला तर वर्षाला सुमारे २ हजार. गाडीची बाजारातील किंमत वर्षाला ६ हजारांनी उतरते असे धरू. एकूण १ लाख ११ हजार २०० रुपये.

दुसरा मार्ग म्हणजे चार वर्षे वापरलेली गाडी ४ लाखांना घेणे. पाच वर्षांनी ती २ लाखांना गेली तर घट वर्षाला ४० हजार. लिटरला १८ किलोमीटर धरले तर पेट्रोल ५२ हजार ५००. सर्व्हिसिंग १२ हजार, विमा ९ हजार. एकूण १ लाख १३ हजार ५०० रुपये.

तिसरा मार्ग नव्या गाडीचा. सर्व करांसह ७ लाखांची गाडी पाच वर्षांनी साडेतीन लाखांना गेली तर घट वर्षाला ७० हजार. पेट्रोल तेवढेच, सर्व्हिसिंग ८ हजार, विमा १६ हजार. एकूण १ लाख ४६ हजार ५०० रुपये. यात कर्ज आलेले नाही. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता १० हजार ३७९ रुपये येतो आणि व्याज एकूण १ लाख २२ हजारांवर जाते, म्हणजे वर्षाला साडेचोवीस हजार. मग नव्या गाडीचे वर्ष १ लाख ७१ हजारांना पडते.

या तीन बेरजांवरून काही गोष्टी दिसतात. "नवी गाडी घेतली तर पेट्रोल वाचेल" हे शोरूममध्ये हमखास ऐकायला मिळणारे वाक्य आहे. पेट्रोल वाचते हे खरे, पण वर्षाला २० हजार. आणि ते वाचवण्यासाठी वर्षाला ७० हजारांची घट अंगावर घ्यावी लागते. घट ही कोणी बिल पाठवून मागत नाही, म्हणून ती खर्चात धरलीच जात नाही. दुकानात पडून राहिलेल्या मालाची किंमत उतरते तेव्हा आपण तोटा मांडतो. गाडीच्या बाबतीतही तोच नियम लावायला हवा.

जुनी ओम्नी आणि चार वर्षे वापरलेली गाडी यांत फरक फक्त २ हजार ३०० रुपयांचा उरला. म्हणजे या कुटुंबासाठी दुरुस्तीची रेघ साधारण ३० हजारांवर आहे. वर्षाची दुरुस्ती त्याच्या आत असेल तर जुनी गाडी परवडते. सतत वर जाऊ लागली तर बदल करण्याची वेळ आली.

ही रेघ सर्वांसाठी एकच नसते. तेच कुटुंब वर्षाला फक्त ४ हजार किलोमीटर गाडी चालवत असेल तर रेघ सुमारे साडेएकेचाळीस हजारांवर जाते, कारण कमी फिरणाऱ्याला पेट्रोलची बचत थोडी आणि घट मात्र तेवढीच राहते. वर्षाला १५ हजार किलोमीटर होत असतील तर ती १७ हजारांच्या आसपास उतरते. म्हणून शेजाऱ्याने गाडी बदलली यावरून आपण बदलू नये. त्याचे फिरणे वेगळे, आपले वेगळे.

"दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढावी" असा एक नियम सांगितला जातो. आम्हाला तो पटत नाही. ७० हजारांच्या ओम्नीला ३५ हजारांचे इंजिनकाम निघाले तर या नियमाने गाडी विकावी लागेल. पण ते काम चार वर्षे टिकणार असेल तर वर्षाला पावणेनऊ हजारच पडले, आणि उद्यमनगरात चांगले केलेले काम तेवढे टिकते. अट एवढीच की गाडी खरोखर चार वर्षे ठेवायची असली पाहिजे आणि तिचा पत्रा तोपर्यंत धरला पाहिजे. उलट, गेल्या वर्षी इंजिनावर गेलेले ३५ हजार हे आज गाडी ठेवण्याचे कारण होत नाही. ते पैसे गेले. प्रश्न नेहमी पुढच्या बारा महिन्यांचा विचारायचा.

याकरिता एक साधी वही गाडीच्या डॅशबोर्डात ठेवावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय केले, किती दिले, आणि गाडी रस्त्यात थांबली होती का. वर्षभरात या वहीत जे दिसते ते मिस्त्रीला आणि मालकाला आठवणीतून कधीच सांगता येत नाही.

पेट्रोलबद्दल एक सूचना. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या जिल्ह्याच्या उसाचा त्यात वाटा आहे, तेव्हा कोल्हापूरकराने तक्रार किती करावी हा प्रश्नच आहे. तथापि जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. अॅव्हरेज काहीसे कमी होते आणि रबरी नळ्या, गॅसकेट लवकर खराब होऊ शकतात. पंधरा वर्षांच्या गाडीच्या पेट्रोल नळ्या तपासून घ्याव्यात, गरज पडल्यास बदलाव्यात. पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम उद्यावर टाकू नये.

हिशेबापलीकडची रेघ

आतापर्यंतचा विचार पैशाचा झाला. काही दोष असे आहेत की ते निघाल्यावर वही मिटवून ठेवायची. त्यांत पहिला गंज. दाराच्या खालचा किंवा मडगार्डचा गंज दिसायला वाईट, पण धोक्याचा नाही. धोका असतो तो चासीच्या पट्ट्यांना, जॅक लावायच्या जागी, सीट आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवतात त्या पत्र्याला, आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना. गाडी रॅम्पवर चढवून मिस्त्रीला तिथे पेचकस टोचायला सांगावे. पेचकस आत गेला तर वरच्या रंगाला काही अर्थ नाही. वेल्डिंगने पट्टी लावून गाडी पासिंगला जाईल, पण धडक बसली तर तीच पट्टी सुटेल.

दुसरा दोष गाडीच्या रचनेतच असतो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे. पुढे बॉनेट नाही, त्यामुळे समोरून धडक बसली तर चालकाचे पाय हाच बंपर. ही गाडी शहरात तीस-चाळीसच्या वेगाने चालवणे आणि पुणे-बंगळूर महामार्गावर कंटेनरच्या रांगेत चालवणे यांत फार अंतर आहे. घरात लहान मुले असतील आणि महामार्गावरचे प्रवास वाढले असतील, तर दुरुस्तीची रेघ ओलांडली नसली तरी गाडी बदलण्याचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जिवाची किंमत वर्षाच्या बेरजेत मांडता येत नाही.

दुसरी गाडी निवडताना

निवडताना सालाकडे बारकाईने पाहावे. आपल्या देशात सर्व नव्या मोटारींना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅगही २०२१ च्या अखेरीस. म्हणजे २०२२ किंवा त्यानंतर बनलेल्या गाडीत या तिन्ही गोष्टी असतातच. सेकंडहँड घेणाऱ्याला हे साल लक्षात ठेवायला सोपे आहे. वीस-तीस हजार वाचवण्यासाठी २०१८ ची गाडी घेऊ नये.

नवीच घ्यायची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, पूर्वी तो उपकरासह २९ ते ३१ टक्के होता. त्यामुळे नव्या व जुन्या गाडीच्या किमतीतील अंतर कमी झाले. एखादा दलाल जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या नव्या किमतीवरून सांगत असेल तर आजच्या शोरूमची किंमत त्याच्यासमोर ठेवावी. राज्याचा एकरकमी कर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आहे, तोही हिशेबात धरावा.

सीएनजी कोल्हापुरात मिळू लागला आहे. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. मात्र टाकी डिकी व्यापते आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी करावी लागते. विजेची गाडी ज्याचे रोजचे फिरणे ठरलेले आहे आणि घराला स्वतःचे पार्किंग आहे त्याच्यासाठी चांगली. गल्लीत गाडी लावणाऱ्याने आधी चार्जिंगची सोय बघावी.

कोणती कंपनी, याचे उत्तर आपल्या मिस्त्रीकडे आहे. गाडी घेण्याआधी त्याला विचारावे की या गाडीचा क्लच आणि पुढचा बंपर कोल्हापुरात किती दिवसांत आणि कितीला मिळतो. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या दणकट आहेत आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तही मिळतात. ते स्वस्त का आहे, हे ज्याला सुटा भाग मागवून थांबावे लागते त्याला कळते.

दिल्ली-हरियाणा पासिंगच्या गाड्यांचे असेच आहे. तेथील बंधनांमुळे त्या कमी भावाने इकडे येतात. पण महाराष्ट्रात नोंदणी करताना येथील कर पुन्हा भरावा लागतो, तेथील आरटीओची एनओसी लागते आणि तिकडे चलन थकले असेल तर ते निस्तरण्यात महिने जातात. हे सारे धरून भाव परवडत असेल तरच हात घालावा.

पुराची गाडी

आता आपल्या भागाची खास गोष्ट. पंचगंगेची पातळी जिथे मोजतात तो राजाराम बंधारा कसबा बावड्यातच आहे. तेथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून अधिक वर गेले. बावडा-शिये रस्ता पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर-सांगलीत असंख्य गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. विमा कंपन्यांनी लिलावात काढलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येतात, बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात. तशाच दुसरीकडे बुडालेल्या गाड्या आपल्याकडे येतात.

पुराची गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. धुण्यात सहसा राहून जाणारा तळाचा भाग मातकट असतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, कार्पेट उचलल्यावर खाली गाळ आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात पाण्याची रेघ आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून वाफ धरते का, फ्यूजच्या डब्यात माती आहे का, हे पाहावे. अत्तराचा वास फार येत असेल तर काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवावी, खाली दबलेला वास वर येतो. आजच्या गाड्यांत वायरिंग आणि कॉम्प्युटर फार असतात, ते पुरानंतर लगेच बिघडत नाहीत, सहा महिन्यांनी एकेक करून बिघडतात. म्हणून पुराची गाडी निम्म्या भावातही घेऊ नये.

आपली स्वतःची गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर ती चालू करून बघण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारले जाते. गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

बाकीची तपासणी मिस्त्रीला बरोबर घेऊन करावी. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करूनच गाडी सुरू करायला सांगावी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाला आतून साय धरली असेल तर पाणी आणि ऑइल मिसळत असण्याची शंका घ्यावी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. २५ हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर मीटरवर विश्वास ठेवू नये. शेवटी गाडी पन्हाळ्यावर नेऊन आणावी. चढताना क्लच आणि तापमान कळते, उतरताना ब्रेक. गावात फेरी मारून यातले काही समजत नाही.

पैसा कोठून आणावा?

वर दिलेल्या हिशेबात व्याजाचे साडेचोवीस हजार वेगळे दाखवले, त्याला कारण आहे. व्याज हराम आहे हे आपल्याला माहीत असते, पण "आजकाल गाडी कर्जाशिवाय होतच नाही" असे म्हणून आपण पुढे जातो. जुनी गाडी अजून चालते आहे, हीच खरे तर बिनव्याजी गाडीची संधी आहे. आजपासूनच दरमहा १० हजार रुपये "हप्ता" म्हणून बाजूला टाकले तर अडीच वर्षांत ३ लाख होतात. त्यात जुन्या गाडीचे ५०-६० हजार आले की चार वर्षे वापरलेल्या गाडीची बहुतेक रक्कम जमते. ज्याला हा हप्ता बाजूला टाकणे जमत नाही, त्याला बँकेचा हप्ताही जमणार नाही. हे त्याला गाडी दारात येण्याआधी कळते, एवढाच फरक. निसाबाइतकी ही बचत वर्षभर राहिली तर तिच्यावर जकात निघते, हेही ध्यानात ठेवावे. वापरातल्या गाडीवर ती नसते.

कोल्हापुरात भिशीची रीत जुनी आहे. ओळखीच्या दहा-बारा माणसांनी दरमहा सारखी रक्कम टाकून पाळीने किंवा चिठ्ठीने उचलायची, यात व्याज नाही. लिलावाची भिशी मात्र वेगळी. तिच्यात जो आधी उचलतो तो कमी रक्कम घेतो आणि फरक बाकीच्यांना मिळतो, तिच्यापासून दूर राहावे. भावाकडून किंवा मेव्हण्याकडून कर्जे हसना घेतले तर ते लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करावा असा आदेश कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. नात्यात लिहायचे कसले, म्हणून जिथे लिहिले गेले नाही तिथेच नाती तुटलेली दिसतात.

काही विक्रेते गाडी स्वतः घेऊन, नफा उघड सांगून, ठरलेल्या किमतीत हप्त्याने देतात. हप्ता चुकला तरी किंमत वाढत नसेल तर अशा व्यवहाराला बहुतेक उलेमा मान्यता देतात. कागदावर नफा आणि उशिराला दंडव्याज असेल तर नाव बदलून काही साधत नाही. "शून्य टक्के" योजनेत रोख घेणाऱ्याला किती सूट आहे, हे आधी विचारावे. ती सूट हप्त्यात मिळत नसेल तर व्याज तिथेच दडले आहे.

जुनी गाडी विकताना

हीच खरी परीक्षा. गाडी घेताना आपण पेचकस टोचतो, विकताना मात्र आदल्या दिवशी घट्ट ऑइल ओतून धूर दाबतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. सहीह मुस्लिममधील या प्रसंगात पाऊस हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. गाडी पुरात सापडली हाही मालकाचा गुन्हा नाही. ते घेणाऱ्याला न सांगणे हा आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की वरची वही घेणाऱ्याच्या हातात द्यावी. इंजिन कधी उघडले, कुठे पत्रा लावला, पाणी कुठपर्यंत आले होते, सर्व तीत आहे. पाच-दहा हजार कमी येतील. पण शरीअतमध्ये लपवलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, आणि बावडा काही एवढे मोठे गाव नाही की गाडी आणि तिचा नवा मालक पुन्हा समोर येणार नाहीत. चासी सडली असेल तर ती गाडी कोणाही कुटुंबाला विकू नये. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, तिचा चालू दर आरटीओत विचारून घ्यावा.

कागदपत्रांत मात्र भिडस्तपणा नको. पैसे हातात आले आणि चावी दिली म्हणजे गाडी विकली असे कायदा मानत नाही. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी बसते. त्या प्रकरणातील गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरीही. म्हणून फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून दलालाकडे देऊ नयेत. घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ घालूनच द्यावेत, विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यावी, आणि नाव बदलले की नाही हे परिवहनच्या अॅपवर स्वतः पाहावे. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र आधी जोडावे. विम्यातील नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्याचे पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवले तर दुसऱ्या गाडीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर नवा मालक किणी टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे तुमच्या खात्यातून कापले जातील.